सामायिक क्लस्टरवर सिम्युलेशनचे जॉब टाकताना प्रोसेसरचा हिशेब कसा ठेवावा

आमच्या विभागातील क्लस्टर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांचा समूह, लहान आहे. आठ नोड (समूहातील एकेक संगणक) आणि प्रत्येक नोडवर ३२ कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग), म्हणजे एकूण २५६. दर वर्षी पावसाळ्यात पदव्युत्तर वर्गाची नवी तुकडी येते आणि महिन्याभरात पहिली तक्रार ठरलेली असते: "सर, माझा जॉब दोन दिवस झाले रांगेतच आहे." अशा वेळी यंत्रणा उघडून पाहिली, तर जवळजवळ सगळे कोअर कोणाच्या ना कोणाच्या नावावर लागलेले दिसतात, आणि नोडवर जाऊन पाहिले, तर त्यांतले कितीतरी नुसते बसून असतात. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तिथे एकाने चार जागा धरल्या, तर कंडक्टर येऊन रुमाल उचलायला लावतो. क्लस्टरवर असा कंडक्टर नसतो. मागितलेला कोअर जॉब संपेपर्यंत मागणाऱ्याचाच राहतो, मग त्यावर काम चालो वा न चालो.

म्हणून नवागताने तीन आकडे वेगवेगळे ओळखायला शिकावे. पहिला, शेड्युलरकडे, म्हणजे रांग लावून कोअर वाटणाऱ्या प्रणालीकडे, आपण किती कोअर मागितले. दुसरा, आपला प्रोग्रॅम प्रत्यक्षात किती कोअर वापरतो. आणि तिसरा, आपल्या प्रश्नाच्या आकाराला किती कोअर पेलतात. हे तीन आकडे एक असतील, तर जॉब लवकर संपतो आणि शेजाऱ्यालाही जागा मिळते. पुढील सर्व पायऱ्या हे तीन आकडे जुळवण्यासाठीच आहेत.

उदाहरण म्हणून मी कांद्याची चाळ घेतो, कारण नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थी हा विषय हटकून निवडतात आणि तो निवडावा असाच आहे. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकायचा, तर ढिगातून हवा खेळली पाहिजे. ती कुठून शिरते, कुठे कोंडते, हे हवेच्या प्रवाहाच्या सिम्युलेशनने पाहता येते. वाऱ्याच्या चार दिशा आणि चाळीच्या रचनेचे पाच प्रकार धरले, तर वीस केस होतात. सॉल्व्हर, म्हणजे प्रवाहाची गणिते सोडवणारा प्रोग्रॅम, ओपनफोम; आणि मेश, म्हणजे त्या जागेचे बारीक कप्प्यांत (सेलमध्ये) केलेले विभाजन, आठ लाख सेलची, असे धरू. शेड्युलर म्हणून स्लर्म गृहीत धरला आहे. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झालेली ही मुक्त प्रणाली आज पुष्कळ ठिकाणी भेटते. आज्ञांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावीत. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावे मात्र मोठ्या अक्षरांत आणि आडव्या रेघेच्या जागी अंडरस्कोर देऊन टंकावीत, आणि ओपनफोमच्या नावांत मधल्या शब्दांची पहिली अक्षरे मोठी ठेवावीत.

यंत्राची ओळख

लॉगिन केल्यावर आपण ज्या संगणकावर पोहोचतो, तो लॉगिन नोड म्हणजे वाड्याची ओसरी आहे. तिथे फाइली ठेवाव्यात, स्क्रिप्ट लिहावी, जॉब टाकावा. सॉल्व्हर किंवा मोठी मेश तिथे कधीही चालवू नये. विद्यार्थी असताना मी एका संस्थेच्या लॉगिन नोडवर मेश करायला लावून जेवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा मेमरी पूर्ण संपलेली होती, कोणालाच लॉगिन होत नव्हते आणि एका वरिष्ठांचे दोन तासांचे संपादन वाया गेले होते. त्यांनी मला रागावून काही म्हटले नाही, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

'एसइन्फो' ही आज्ञा दिली की कोणत्या पार्टिशनमध्ये (नोडच्या गटात) किती नोड मोकळे आहेत, ते कळते. त्यानंतर एका नोडवर काही मिनिटांची परवानगी घेऊन 'एलएससीपीयू' चालवावी आणि "थ्रेड्स पर कोअर" ही ओळ शोधावी. तिथे २ असा आकडा असेल, तर यंत्र दाखवत असलेल्या ६४ प्रोसेसरांपैकी खरे कोअर ३२ आहेत. उरलेले ३२ हे त्याच कोअरचे दुसरे दार आहे. प्रवाहाच्या सिम्युलेशनला या दुसऱ्या दाराचा फायदा सहसा होत नाही, उलट काही वेळा वेग कमी होतो, म्हणून हिशेब नेहमी खऱ्या कोअरचाच धरावा.

प्रोग्रॅम कोणत्या जातीचा आहे

या पायरीवर सर्वाधिक चुका होतात. काही प्रोग्रॅम एकच कोअर वापरतात, आणि त्यांना ३२ कोअर दिले तरी ३१ रिकामेच राहतात. काही प्रोग्रॅम एकाच प्रक्रियेत अनेक थ्रेड (कामाचे समांतर धागे) उघडतात. त्यांना सर्व कोअर एकाच नोडवर लागतात. आणि ओपनफोमसारखे प्रोग्रॅम एमपीआय पद्धतीने चालतात, म्हणजे कामाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्रक्रियेकडे देतात आणि त्या प्रक्रिया एकमेकींना निरोप पाठवत राहतात.

स्लर्मला ही जात दोन वेगळ्या पर्यायांनी सांगावी लागते. एमपीआय प्रोग्रॅमसाठी आठ कोअर हवे असतील, तर 'एनटास्क्स' (प्रक्रियांची संख्या) आठ आणि 'सीपीयूज-पर-टास्क' (प्रत्येक प्रक्रियेचे कोअर) एक असे लिहावे. थ्रेडच्या प्रोग्रॅमसाठी हेच उलटे, म्हणजे 'एनटास्क्स' एक आणि 'सीपीयूज-पर-टास्क' आठ. दोन्हींत एकूण आठच कोअर मिळतात, म्हणून नवा माणूस फरक मानत नाही; पण थ्रेडच्या प्रोग्रॅमसाठी आठ टास्क मागितले, तर स्लर्म ते दोन-तीन नोडवर विखरून देऊ शकतो, आणि मग प्रोग्रॅम पहिल्या नोडवरचे दोन-चार कोअर वापरतो व बाकीचे दुसऱ्या नोडवर अडून राहतात.

थ्रेडच्या प्रोग्रॅमला आकडा स्वतंत्रपणेही कळवावा लागतो. स्क्रिप्टमध्ये 'ओएमपी-नम-थ्रेड्स' या व्हेरिएबलला 'स्लर्म-सीपीयूज-पर-टास्क' या व्हेरिएबलची किंमत द्यावी. हाताने आकडा लिहू नये, कारण पुढे मागणी बदलली की तो बदलायचा राहून जातो. स्लर्मच्या २२.०५ आवृत्तीपासून आणखी एक गोष्ट बदलली आहे: जॉब रांगेत टाकणाऱ्या 'एसबॅच'मध्ये दिलेला 'सीपीयूज-पर-टास्क' आता जॉबच्या आत प्रोग्रॅम चालवणाऱ्या 'एसरन'पर्यंत आपोआप पोहोचत नाही, तो 'एसरन'च्या ओळीत पुन्हा द्यावा लागतो. जुनी स्क्रिप्ट ज्येष्ठ मित्राकडून जशीच्या तशी घेतली, की जॉब एकाच कोअरवर रांगत का चालतो हे कळत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

पायथनमध्ये लिहिलेल्या सिम्युलेशनमध्ये दोष उलट बाजूचा असतो. अनेक प्रक्रिया चालवणाऱ्या मल्टिप्रोसेसिंग या मोड्यूलला आकडा दिला नाही, तर ते सहसा नोडवर एकूण किती कोअर आहेत ते मोजते, आपल्याला किती मिळाले ते नाही. त्यात प्रत्येक प्रक्रियेतील नमपाय या गणिती लायब्ररीने स्वतःचे थ्रेड उघडले, तर ८ प्रक्रिया आणि प्रत्येकीचे ३२ थ्रेड, म्हणजे २५६ थ्रेड एकमेकांना ढकलत बसतात. अशा जॉबमध्ये प्रक्रियांचा आकडा स्पष्ट लिहावा आणि प्रत्येक प्रक्रियेचे थ्रेड एकावर आणावेत.

ओपनफोमचे जुळवून घेणे

ओपनफोममध्ये मेशचे तुकडे 'डीकंपोजपार' करते आणि किती तुकडे करायचे हे 'डीकंपोजपारडिक्ट' या फाइलीत लिहिलेले असते. हा आकडा, एमपीआयला दिलेला आकडा आणि स्लर्मकडे मागितलेला आकडा तिन्ही सारखे हवेत. तुकडे आणि प्रक्रिया जुळल्या नाहीत, तर सॉल्व्हर चूक दाखवून थांबतो, त्यामुळे ती चूक लगेच सापडते. घातक चूक वेगळी आहे. सॉल्व्हरच्या नावापुढे 'पॅरलल' हा पर्याय लिहायचा राहिला, तर एमपीआय आठ प्रक्रिया सुरू करते खरी, पण त्यांतील प्रत्येक प्रक्रिया संपूर्ण केस एकटीच सोडवू लागते. आठही कोअर शंभर टक्के भरलेले दिसतात, जॉब चालू दिसतो, आणि वेग मात्र एका कोअरचा किंवा त्याहूनही कमी. ओळखण्याची खूण सोपी आहे: लॉग फाइल उघडली की प्रत्येक ओळ आठ-आठ वेळा छापलेली असते. पहिल्या पाच मिनिटांत लॉग पाहण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याचे पुढचे तीन दिवस वाचतात.

किती कोअर मागावेत, हे मोजून ठरवावे

"जास्त कोअर, जास्त वेग" हा समज पहिल्या दिवशीच सोडावा लागतो. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब आजही लागू आहे: कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो. पाच टक्के काम वाटता येत नसेल, तर १६ कोअरवर वेग सुमारे ९ पट होतो, ६४ कोअरवर सुमारे १५ पट, आणि कोअर कितीही वाढवले तरी २० पटीच्या पुढे जात नाही. प्रवाहाच्या सिम्युलेशनमध्ये यात आणखी एका गोष्टीची भर पडते. एका नोडवरील सर्व कोअर मेमरीकडे जाणारी तीच वाट वापरतात. विहिरीवर पोहरे वाढवले तरी पाण्याचा झरा तेवढाच, तसे काही कोअरनंतर प्रोसेसर मोकळा असतो पण आकडे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

त्यामुळे खरी केस टाकण्यापूर्वी तिचाच छोटा रन वेगवेगळ्या कोअरवर करून पाहावा. शंभर-दोनशे इटरेशन (गणिताच्या फेऱ्या) पुरतात. मेश वाचण्याचा सुरुवातीचा वेळ वगळावा आणि निकाल डिस्कवर लिहिणे तेवढ्यापुरते बंद ठेवावे. हिशेब समजावा म्हणून सोयीचे आकडे घेतो. समजा, चाळीची केस १ कोअरवर ९६ मिनिटांत झाली, ४ वर २६, ८ वर १४, १६ वर ९ आणि ३२ वर ८ मिनिटांत. आता प्रत्येक वेळेला कोअरच्या संख्येने गुणावे. चार कोअरवर १०४ कोअर-मिनिटे खर्च झाली, आठवर ११२, सोळावर १४४ आणि बत्तीसवर २५६. सोळावरून बत्तीसवर जाताना एका मिनिटाची बचत झाली आणि त्यासाठी क्लस्टरची ११२ कोअर-मिनिटे गेली, म्हणजे जेवढ्यात आठ कोअरवरची एक संपूर्ण केस झाली असती तेवढी. हा गुणाकार प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या हाताने कागदावर करावा, असा माझा आग्रह असतो. सांगून जे पटत नाही ते या चार ओळींत पटते.

पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, कारण आपल्याला एक केस नव्हे, वीस केस चालवायच्या आहेत. एक पूर्ण नोड हाताशी आहे असे धरू. प्रत्येक केसला सगळे ३२ कोअर दिले आणि एकामागून एक चालवल्या, तर २० गुणिले ८, म्हणजे १६० मिनिटे लागतील. प्रत्येकीला ८ कोअर देऊन चार केस शेजारी-शेजारी चालवल्या, तर पाच फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला १४ मिनिटे, म्हणजे ७० मिनिटे. मेमरीची वाट चौघींत वाटली गेल्यामुळे १४ ची प्रत्यक्षात १८ मिनिटे होतील असे मानले, तरी ९० मिनिटांत वीसही केस संपतात. ज्या कामात स्वतंत्र केस पुष्कळ आहेत, तिथे एकेक केस मोठी करण्यापेक्षा केस शेजारी मांडणे जवळजवळ नेहमीच फायद्याचे ठरते, आणि अभियांत्रिकीतील बहुतेक कामे अशीच असतात.

मोजताना एक बारकावा लक्षात ठेवावा. नोडवर एकच कोअर काम करत असतो तेव्हा प्रोसेसर त्याचे घड्याळ जास्त वेगाने धावू देतो; सर्व कोअर भरले की तो वेग उतरतो. म्हणून एका कोअरवरचा आकडा थोडा फसवा असतो आणि तुलना चार कोअरपासून सुरू केली तरी चालते. सेलच्या हिशेबाने पाहिले, तर प्रत्येक कोअरच्या वाट्याला दहा-वीस हजार सेल तरी राहावेत. त्याखाली गेले की प्रक्रियांचा वेळ काम करण्यापेक्षा शेजारणीला निरोप देण्यात जातो.

मेमरीची मागणीही प्रोसेसरचीच मागणी असते, हे सहसा कोणी सांगत नाही. चार कोअर मागितले पण नोडची जवळजवळ सगळी मेमरी मागून ठेवली, तर उरलेले २८ कोअर मोकळे असूनही दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे राहत नाहीत. छोट्या रनमध्ये जास्तीत जास्त किती मेमरी लागली ते पाहून त्यावर थोडी भर घालावी, एवढेच.

वेळ आणि रांग

जॉबला किती वेळ लागेल, तो प्रामाणिकपणे लिहावा. छोट्या रनवरून अंदाज काढून त्यात पाव हिस्सा जोडला की पुरते. पार्टिशनची कमाल मर्यादा, म्हणजे तीन दिवस किंवा सात दिवस, डोळे झाकून लिहिणाऱ्याचा जॉब उशिरा लागतो. कारण मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे होण्याची वाट पाहताना मध्ये जी फट राहते, तिच्यात स्लर्म छोटे जॉब बसवतो, आणि दोन तासांचा जॉब त्या फटीत मावतो, तीन दिवसांचा मावत नाही. वेळ संपली की जॉब मारला जातो, हेही तितकेच खरे. म्हणून ओपनफोममध्ये ठरावीक अंतराने निकाल लिहून ठेवावेत आणि शेवटच्या लिहिलेल्या वेळेपासून पुढे सुरू करण्याची सोय कंट्रोल फाइलीत आधीच करून ठेवावी.

वीस केससाठी वीस वेळा 'एसबॅच' चालवू नये. अॅरे जॉब, म्हणजे एकाच स्क्रिप्टमधून अनेक जॉब, वापरावा आणि १ ते २० या कक्षेपुढे टक्केचिन्ह देऊन ४ लिहावे. त्यामुळे एका वेळी चारच केस चालतात आणि एक संपली की पुढची आपोआप लागते. सबमिशनच्या आठवड्यात हे फार जपावे, कारण तेव्हा प्रत्येकाचीच घाई असते.

रांगेत थांबलेल्या जॉबपुढे 'एसक्यू' (squeue) कारण दाखवते. "रिसोर्सेस" असे असेल, तर जागा मोकळी होण्याची वाट आहे. "प्रायॉरिटी" असेल, तर आपल्या पुढे कोणीतरी आहे. अनेक क्लस्टरवर गेल्या काही दिवसांत ज्याने जास्त कोअर-तास वापरले, त्याचा क्रम मागे जातो. बत्तीस कोअर अडवून आठ वापरणाऱ्याच्या खात्यावर तासही बत्तिसाच्या हिशेबाने चढतात, तेव्हा उधळपट्टीचा पहिला फटका त्यालाच बसतो.

चालू जॉबकडे पाहणे

जॉब लागल्यावर परवानगी असेल तर त्या नोडवर जाऊन 'एचटॉप' उघडावे. वर प्रत्येक कोअरची एक आडवी पट्टी असते. आठ कोअर मागितले असतील, तर आपल्या नावावरच्या आठ पट्ट्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. एकच पट्टी भरलेली आणि सात कोऱ्या, असे चित्र दिसले, तर जॉब तेव्हाच 'एसकॅन्सल'ने थांबवावा. चालू आहे तर चालू द्या, असे म्हणू नये. प्रक्रियांच्या यादीत अवस्थेच्या स्तंभात बराच काळ डी हे अक्षर दिसत असेल, तर प्रोसेसर बहुधा डिस्कची वाट पाहत आहे. निकाल लिहिण्याचे अंतर वाढवावे.

पट्टी भरलेली असणे म्हणजे काम होत असणे, असे मात्र समजू नये. एमपीआयच्या प्रक्रिया शेजारणीच्या निरोपाची वाट पाहतानाही बहुधा कोअर धरून गरगर फिरत राहतात, आणि यंत्र त्या वाट पाहण्याला शंभर टक्के वापर म्हणूनच मोजते. म्हणून अंतिम पुरावा घड्याळाचाच मानावा: एका इटरेशनला किती सेकंद लागले, हे लॉगमध्ये पाहावे आणि छोट्या रनमधल्या आकड्याशी ताडून पाहावे.

शेड्युलर नसलेल्या यंत्रावर, म्हणजे चौघांत मिळून एक मोठे वर्कस्टेशन असेल तिथे, तोंडी ठरवून कोअर वाटून घ्यावेत आणि 'टास्कसेट'ने आपला प्रोग्रॅम आपल्याच कोअरवर बांधावा. ठरवल्याशिवाय बांधू नये. दोघांनीही ० ते ७ हेच कोअर धरले, तर तिथे गर्दी होते आणि बाकीचे कोअर मोकळे राहतात. काही एमपीआय संच आपणहून पहिल्या कोअरपासून बांधायला सुरुवात करतात, तेव्हा हाच प्रकार न सांगता घडतो.

जॉब संपल्यावर

'एसअॅक्ट' ही आज्ञा एकूण लागलेला वेळ, प्रोसेसरने प्रत्यक्ष काम केलेला वेळ आणि सर्वाधिक मेमरी दाखवते. समजा, आठ कोअर दहा तास धरले, म्हणजे ८० कोअर-तास झाले; प्रोसेसरचा वेळ १० तास दिसला, तर वापर साडेबारा टक्के, म्हणजे बरोबर एक अष्टमांश. असा स्वच्छ अपूर्णांक दिसला की ओळखावे, एकाच कोअरने काम केले आणि सात बसून राहिले. अर्धा किंवा पाव दिसला, तर बहुधा थ्रेडचा आकडा कुठेतरी हाताने लिहिलेला आहे. ओपनफोमच्या तुकड्यांचे निकाल जोडून घेतल्यावर प्रत्येक प्रोसेसरच्या नावाने तयार झालेली फोल्डरे काढून टाकावीत, कारण त्यांतील हजारो बारीक फाइली सामायिक डिस्कवर सर्वांचाच वेग कमी करतात.

आमच्या प्रयोगशाळेत दाराजवळ एक दोनशे पानी वही टांगलेली आहे. तिच्यात केसचे नाव, सेलची संख्या, कोअर, मेमरी आणि मिनिटे एवढेच लिहायचे असते. पुढच्या जूनमध्ये कोणी चाळीचा विषय घेऊन आले, तर त्याने आधी ते पान काढावे, आठ लाख सेलला आठ कोअर लिहिलेले पाहावे आणि आपल्या मेशवर चार, आठ, सोळा असे तीन छोटे रन टाकून खाली आपली ओळ लिहावी.